नेपियर कोणी खाल्लं?

साहेब, तुम्ही खोटी नोटीस काढली. चुकून नाही, डोळे उघडे ठेवून काढली.

गायरानातल्या नेपियर गवताच्या प्लॉटवर तुम्ही आलात तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. पाइप फुटून चिखल झाला होता आणि त्या चिखलात बैलांचे खूर उमटले होते. तुमचा बूट त्यातल्याच एका खुरात घोट्यापर्यंत गेला. हरिसिंगनं, आमच्या तांड्याच्या नाईकानं म्हणजे प्रमुखानं, हात धरून तुम्हाला बाहेर ओढलं. तुम्ही बूट बांधावर घासला, चार पावलं पुढं गेलात आणि तारेच्या बाहेर, पायवाटेवर पडलेल्या लेंड्यांचे फोटो काढले. लेंड्यांचे सात फोटो. खुराचा एकही नाही. मी डोक्यावर पाण्याचा गुंड घेऊन दहा हातांवर उभी होते. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि पुन्हा मोबाईलकडे पाहिलंत.

तुमचं नाव मी लिहीत नाही. भीती वगैरे काही नाही. उद्या त्या खुर्चीत दुसरा बसेल आणि तोही लेंड्यांचेच फोटो काढेल, म्हणून खुर्चीलाच विचारते आहे.

तिसऱ्या दिवशी नोटीस आली. 'आपल्या मालकीच्या शेळ्यांनी गायरानातील शासकीय वैरण लागवडीचे नुकसान केल्याचे निदर्शनास आले असून, पंधरा दिवसांचे आत सदर शेळ्यांची विल्हेवाट लावावी, अन्यथा त्या जप्त करण्यात येतील.' वर नाव रुपीबाईचं, म्हणजे माझ्या सासूचं. मी तिला याडी म्हणते. आमच्या गोरबोलीत आईला याडी म्हणतात, आणि मला ती आईच्या जागी आहे.

नोटीस मी वाचून दाखवली. याडी तेव्हा एका पाटीच्या, म्हणजे तरण्या बकरीच्या, खुरातला काटा काढत होती.

"विल्हेवाट म्हंजे काय वं?"

"इकून टाका म्हनते."

"बकरं तं इकाचंच असते," ती काटा दातात धरून बोलली. "पन कधी इकाचं थे मी ठरवतो. त्याचा शिक्का नाई ठरवत."

तोंडानं एवढं बोलली, पण त्या रात्री भाकर अर्धीच खाल्ली. का, ते मला माहीत होतं. तुम्हाला माहीत नसेल, म्हणून सांगते.

आमच्या घरातली माणसं बारा वर्षं ऊस तोडायला गेली. दिवाळी झाली की ट्रक यायचा, त्यात भांडी, गोधड्या, लेकरं आणि म्हातारी. माझी मुलगी चार वर्षांत तीन शाळा फिरली आणि एकाही शाळेत तिला पाढे पुरे झाले नाहीत. मग याडीला तिच्या भावानं एक गाभण बकरी दिली. एकच. ती राखायला याडी तांड्यात मागं राहिली. बकरीला दोन पिल्लं झाली, त्यांना पुन्हा दोन-दोन. चार वर्षांत दारात चौतीस बकऱ्या उभ्या राहिल्या. गेल्या दिवाळीत तांड्यात ट्रक आला, हॉर्न वाजवत राहिला, आणि माझा नवरा लखीराम ओट्यावरून उठला नाही. बारा वर्षांत पहिल्यांदा आम्ही घरची होळी घरी पाहिली. मुलगी सहावीत आहे आणि वर्षभर एकाच बाकावर बसते आहे. बकऱ्या गेल्या तर पुढच्या दिवाळीला कोयता. बाकी काही नाही, एवढंच होतं.

आता गाईंचं सांगते. गाईशी माझं भांडण नाही. पोळ्याला मी बैलाच्या पायावर पाणी घालते आणि डोकं टेकते. पण तुम्ही योजनेतून ज्या गाई दिल्या त्या आमच्या ओळखीच्या नव्हत्या. पांढऱ्या-काळ्या, थंड मुलुखातल्या. अर्ज आम्ही बकऱ्यांचा केला होता. तुमच्या माणसानं त्यावर रेघ मारून 'दुधाळ गाई – दोन' लिहिलं, कारण बकऱ्यांचं टार्गेट संपलं होतं आणि गाईंचं उरलं होतं. मे महिन्यात ऊन पंचेचाळीसच्या वर गेलं. गाईच्या पाठीवर दिवसभर ओली पोती टाकायची, त्यासाठी पाणी दीड किलोमीटरवरून आणायचं. घरात पंखा एक, तो गोठ्यात लावला. दूध निघालं तेव्हा दुधाची गाडी डांबरी सडकेच्या वर यायला तयार नाही. सडकेपर्यंत नेईतो दूध फाटायचं. एक गाय पहिल्याच उन्हाळ्यात गेली. दुसरी आटली ती आटली. दावणीला उभी आहे, खाते आहे. विकता येत नाही, सोडवत नाही.

आणि म्हातारे बैल? काम थांबलं की त्यांना घ्यायला कोणी येत नाही. बाजारात न्यायचं म्हटलं तर रस्त्यातच अडवणारे उभे. मग लोक काय करतात, हे दिग्रसपासून पुसदपर्यंत कोणालाही विचारा. कासरा सोडतात आणि पाठ फिरवतात. आमच्या तांड्यात असे नऊ बैल मोकळे होते. त्यातले चार नाईकाचे.

बकरीला यातलं काही लागत नाही. पाच महिन्यांत विते. बोरी, बाभळी, हिवर, पळस, ज्याला काटे आहेत नि ज्याला गाय तोंड लावत नाही, ते खाते आणि त्याचं मटण करून देते. घरात कोणी आजारी पडलं की एक बकरा दिग्रसच्या बाजारात जातो आणि संध्याकाळी औषध घरात येतं. गाय अर्धी विकता येत नाही, साहेब.

आता माझी चूक सांगते. लपवत नाही.

नेपियर रोज रात्री कोणीतरी खात होतं. आणि रोज सकाळी, उजाडायच्या आत, मी टोपलं घेऊन त्याच प्लॉटात जात होते. शेण उचलायला. गायरानातलं शेण जी आधी जाईल तिचं, हा तांड्याचा नियम आहे. मी हातानं उचललं, घरी आणलं, गोवऱ्या थापल्या. शेण गाई-बैलांचंच होतं, अजून कोणाचं असणार? पण ते प्लॉटच्या आत का पडलं आहे, हा विचार माझ्या डोक्यात आला नाही. गोवरी दिसत होती, पुरावा दिसत नव्हता. तुम्ही अकरा वाजता येईपर्यंत प्लॉट झाडून काढल्यासारखा स्वच्छ. उरल्या काय, तर वाटेवरच्या लेंड्या. त्या कोण एकेक वेचत बसणार? माझ्या सासूवरचा आळ मी माझ्या हातानं पक्का केला होता.

नोटिशीचा तेरावा दिवस. होळी होऊन आठवडा झाला होता. नाईकानं नसाब बसवला. नसाब म्हणजे आमच्या तांड्याचा न्याय. सगळे लिंबाखाली बसतात, दोन्ही बाजू बोलतात, आणि जो खोटा ठरतो तो तांड्याला एक बकरा देतो. तुम्हाला खास बोलावलं होतं. तुम्ही आलात, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलात, पायाशी थंड पाण्याची बाटली.

हरिसिंग नाईक उभा राहिला. आवाज मोठा आहे त्याचा.

"आपन लदेनीवाले लोक. आपल्या आज्या-पंज्यानं बैलाच्या पाठीवर मीठ लादून मुलूख पालथा घातला. बैल हे आपलं नाव हाय. अन् ही रुपीबाई तांड्यात बकऱ्या भरून राह्यली! बकरी काय जनावर हाय? बाईमानसाचा धंदा!"

"बैलाच्या पाठीवर मीठ होतं म्हनतं ना?" याडी बसल्या बसल्या बोलली. "तुह्या बैलाच्या पाठीवर आता काय हाय गा, हरिसिंग? माश्या!"

हशा पिकला. नाईकाची बायको भुरीबाईसुद्धा पदरात तोंड लपवून हसली. नाईक चिडला.

तुम्ही हात वर करून सगळ्यांना गप्प केलंत. "हे पाहा, शेळी ही पर्यावरणाला घातक आहे. शासनाने एवढा खर्च करून वैरण लावली. तुमच्या शेळ्या तारेखालून आत जातात. माझ्याकडे फोटो आहेत."

मी उभी राहिले. "साहेब, पलाटात शेन पडत होतं. बैलाचं. म्या रोज उचललं."

"कुठे आहे ते?"

"गोवऱ्या थापल्या."

तुम्ही हसलात. नाईकही हसला. "घ्या! पुरावा चुलीत घातला म्हनते!" सगळे हसले, आणि मी खाली बसले. लाज वाटली. त्या हसण्याचा राग अजून माझ्या पोटात आहे, कारण तुम्हाला चिखलातला खूर आठवत होता. तुमच्या बुटाला आठवत होता.

नाईकाला जोर आला. "कायले वाद घालून राह्यल्या? आज सकाळी बी पाह्यल्या म्या. माह्या सोताच्या डोयानं. चौतीसच्या चौतीस बकऱ्या पलाटात. पोट फुटेस्तोर नेपियर खाल्लं!"

याडी उठली. गुडघ्यावर हात टेकून, हळू.

"आज सकाळी?"

"हो."

"पोट फुटेस्तोर?"

"हो म्हनलो ना!"

"नेपियरच?"

"दुसरं काय, लाडू?"

"मंग थे पोटातच असन," याडी म्हणाली. "आत्ता दुपार हाय. सकायचं खाल्लेलं बकरीच्या वझडीत भरलेलं असते. कापा. पाहा. सायब, तुमी बोट दाखवा. ज्याच्यावर बोट ठेवसान थो कापतो. वझडीत नेपियर निघालं तं चौतीसच्या चौतीस घेऊन जा, मी तोंडातून शबुद काढनार नाई. नाई निघालं तं हरिसिंग खोटा. अन् त्याच्यासंगं तुमी बी."

लखीराम माझ्याकडे पाहत होता आणि मी जमिनीकडे. कारण खरं सांगते, मला खात्री नव्हती. बकरी ती बकरीच. तारेजवळून जाताना एखादीनं तोंड घातलंही असेल. याडीनं सगळं घर एका जनावराच्या पोटावर लावलं होतं.

"हे काही शास्त्रीय नाही," तुम्ही म्हणालात.

"फोटू शास्त्रीय होते काय, सायब?" लखीरामनं विचारलं.

तुम्हाला वाटलं म्हातारी मागं हटेल. म्हणून तुम्ही उठलात. कळप नुकताच माळावरून उतरून हौदावर पाणी पीत होता. नाईक तुमच्या कानाला लागला, आणि तुमचं बोट सरळ तांबड्यावर गेलं. तांबडा म्हणजे आमचा सगळ्यात मोठा बकरा. ईदेसाठी राखलेला. पुसदचा व्यापारी दोनदा येऊन त्याची पाठ चाचपून गेला होता. मुलगी त्याला कानामागं खाजवल्याशिवाय शाळेत जात नसे.

याडीनं तांबड्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"लखी," ती म्हणाली, "सुरी आन."

तुम्ही तोंड फिरवलंत. "मी असलं पाहत नाही."

"पाहा," याडी म्हणाली. "नोटीस लिहाच्या टायमाले पाह्यलं नाई. आता पाहा."

पाहिलंत तुम्ही. पाहावं लागलं, कारण सगळा तांडा तुमच्याकडे पाहत होता. लखीरामचा हात हलका आहे. तांबड्याला कळलंही नसेल. सोललं, पोट उघडलं, आणि फुगलेली वझडी दोन्ही हातांनी उचलून पळसाच्या पानांवर ठेवली. गरम वाफ आली. तुम्ही नाकाला रुमाल लावलात. लखीरामनं सुरीचं टोक लावलं आणि आतलं सगळं पानांवर पसरलं.

बाभळीच्या शेंगा. चावलेल्या, तुटलेल्या, आणि त्यांच्या कडक काळ्या बिया मूठ-मूठ. बोरीचा पाला. पळसाच्या फुलांचा नारिंगी चोथा, कारण माळावर पळस फुलला होता आणि आमच्या बकऱ्या पडलेलं फूल सोडत नाहीत.

"गवत!" नाईक ओरडला. "हे पाहा! गवत हाय! हे काय हाय मंग?"

त्यानं बोटभर लांब एक पातं ओढून काढलं. तुम्ही लगेच खिशातून मोबाईल काढलात. लेंड्यांच्या वेळी काढला होता तसाच, त्याच चपळाईनं.

याडीनं ते पातं नाईकाच्या हातातून घेतलं. तुमच्या पायाशी होती ती थंड पाण्याची बाटली उचलली, विचारलंसुद्धा नाही, आणि त्या पाण्यानं पातं धुतलं. मग लखीरामला म्हणाली, "पलाटातून एक पान आन."

लखीराम धावत गेला आणि नेपियरचं पान घेऊन आला. दोन बोटं रुंद, कडा करवतीसारख्या, मधे पांढरी जाड शीर. याडीनं दोन्ही शेजारी-शेजारी तिच्या तळहातावर ठेवली. एक हिरवं, रुंद. दुसरं काडीसारखं बारीक, वाळकं, पिवळं. माळावरचं कुसळी गवत. आंधळ्यानं बोट फिरवलं असतं तरी सांगितलं असतं.

"घ्या फोटू," याडी म्हणाली. "आता काहून नाई घेत?"

तुमचा मोबाईल खिशात गेला.

आणि मग जे झालं ते माझ्या स्वप्नातही नव्हतं. भुरीबाई उठली. नाईकाची बायको. तिच्या अंगावरचे घुंगरू वाजले म्हणून सगळ्यांनी वळून पाहिलं.

"शेन म्या बी उचललं," ती म्हणाली. "पलाटाच्या मांगच्या अंगानं. रोज दोन टोपले. ही पोरगी खोटं नाई बोलत."

"गप वं!" नाईक.

"काहून गप? आपलेच बैल होते. चारी. खांबाले अंग घासून घासून खांब पाडला त्याईनं. म्या तुमाले सांगतलं होतं, त्याईले बांधा. तुमी म्हनले, खाऊ दे, सरकारचं हाय."

साहेब, तो आवाज तुम्ही ऐकलात का? सगळा तांडा एकदम ओरडला. बाया टाळ्या पिटत होत्या. होळी होऊन आठवडा झाला होता तरी कोणीतरी डफ आणला आणि वाजवायला लागला. याडी मधे उभी होती, हातात दोन पानं, आणि हसत नव्हती. ती नाईकाकडे पाहत होती.

"आता नसाबाचा नेम सांग, हरिसिंग. तूच नाईक हायस."

नाईकाला सांगावं लागलं. स्वतःच्या तोंडानं. जो खोटा ठरतो तो तांड्याला बकरा देतो.

"मंग दे."

आता खरी गंमत. नाईकाच्या दावणीला अकरा जनावरं. बकरं एक नाही. कुठून देणार?

"अकरा दावनीले बांधले, अन् तांड्याले द्याले एक बकरं नाई!" कोणीतरी मागून बोललं आणि पुन्हा हशा.

"मायाजवळ हाय," याडी म्हणाली. "हा काय, कापून तयार हाय. भाव ईदेचा लागन."

"ईदीले अजून लय टाईम हाय!"

"मालूम हाय. पन बोट तं त्याच्यावरच ठिवलं ना?"

नाईकानं घासाघीस केली. याडी एक पैसा खाली आली नाही. नाईक घरात गेला, पेटी उघडल्याचा आवाज आला, बाहेर येऊन त्यानं सगळ्यांदेखत याडीच्या हातावर पैसे ठेवले. मग पळसाच्या पानांवर वाटे पडले. घर तिथं वाटा, विधवेलाही तेवढाच आणि नाईकालाही तेवढाच. सळोई, म्हणजे रक्ताचं कालवण, चुलीवर चढली. गोवऱ्या माझ्या घरच्या लागल्या, तुमच्या प्लॉटातल्या शेणाच्या. मुलगी शाळेतून आली, तिला तांबडा दिसला नाही, तेव्हा ती रडली, आणि तिनं वाटा खाल्ला नाही. ते मी लपवणार नाही. जिंकलो ते फुकट जिंकलो नाही.

तुम्ही जेवायला थांबला नाहीत. जीपमध्ये बसताना म्हणालात, "ठीक आहे, नोटिशीचं बघतो."

त्या गोष्टीला आज दहा आठवडे झाले. नाईकाचे चारही बैल आता दावणीला आहेत आणि प्लॉटचा खांब लखीरामनं पुन्हा गाडून दिला, तुमच्या खात्यानं नाही. नेपियर कमरेएवढं वाढलं आहे आणि त्याच्या बाजूनं आमच्या बकऱ्या रोज माळावर जातात. तीन घरांनी याडीकडून पाटी नेल्या. भुरीबाईनं दोन नेल्या. नाईक म्हणतो, त्या बायकोच्या आहेत, त्याचा काही संबंध नाही. पण बाभळीच्या शेंगा झोडपताना मी त्याला दोनदा पाहिलं. चौतिसातून एक कमी झाला होता, मागच्या पंधरवड्यात सात पिल्लं झाली. ट्रकवाल्या मुकादमानं फोन केला होता, उचल घेता का म्हणून. लखीरामनं फोन माझ्याकडे दिला. मी सांगितलं, आमच्याकडं माणसं रिकामी नाहीत.

पण तुमची नोटीस अजून आमच्या ट्रंकेत आहे. त्यावर जावक क्रमांक आहे, शिक्का आहे, सही आहे. लेखी आलेली नोटीस 'बघतो' म्हटल्यानं जात नाही, हे तुम्हीच लोकांना शिकवता. मी तीनदा ऑफिसात आले. पहिल्यांदा तुम्ही मिटिंगला होता, दुसऱ्यांदा दौऱ्यावर, तिसऱ्यांदा काचेतून दिसत होता आणि शिपाई म्हणाला साहेब नाहीत. उद्या तुमची बदली होईल. नवा येईल, फाईल उघडेल, त्यात सात फोटो आणि एक नोटीस असेल, आणि तो गाडी घेऊन आमच्या बकऱ्या न्यायला येईल. तेव्हा आम्ही पुन्हा एक तांबडा कापायचा का?

रुपीबाईच्या बकऱ्यांनी नेपियर खाल्लं नाही, नोटीस चुकीची होती आणि ती रद्द केली आहे, असं पत्र मला तुमच्या सहीनं आणि त्याच शिक्क्यानं पाहिजे. आणि त्याच पत्रात हेही लिहा, की चिखलातला खूर दिसत असताना तुम्ही त्याचा फोटो का काढला नाही. कोणत्या तारखेला देता, साहेब? तारीख सांगा.